कागदावरची तारीख

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं डिस्पॅच बघते. म्हणजे माल गेटबाहेर जाण्याआधी त्याच्या कागदांवरची शेवटची सही माझी. ड्रायव्हर लोक पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते फारसं चूकही नाही. एक कागद कमी असला तर ट्रक दिवसभर उन्हात उभा राहील, पण हलणार नाही. अशा बाईच्या हातून कागदाच्याच बाबतीत जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहायला बसले तेही मोठा धीर आला म्हणून नाही. मनात ठेवून ठेवून कंटाळले, इतकंच.

बदलापूरला आमचं दुमजली छोटं घर आहे. खाली आई आणि मी. लग्न मी केलं नाही. का, तो या गोष्टीचा विषय नाही. वरची खोली वडिलांनी निवृत्तीनंतर स्वतःसाठी बांधली होती. सकाळचं वर्तमानपत्र घेऊन ते वर जायचे ते जेवायच्या हाकेलाच खाली यायचे. ते गेल्यावर खोली चार वर्षं बंद होती. आई दर शनिवारी वर जाऊन झाडून यायची आणि खाली आली की अर्धा तास कुणाशी बोलायची नाही.

मग एका सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करणाऱ्या ओळखीच्या बाईंनी विचारलं. टांझानियाचा एक मुलगा फार्मसी शिकायला येतोय, व्हिसा उशिरा मिळाला, हॉस्टेल भरलंय, तुमची वरची खोली द्याल का? मी नाहीच म्हणणार होते. दोन बायकांच्या घरात परदेशी मुलगा, म्हणजे गल्लीला वर्षभराची चर्चा फुकट. पण आई म्हणाली, "जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजू देत गं. हा सन्नाटा नको वाटतो आता."

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो आला. रस्त्यावरचे मांडव अर्धे सुटलेले, गुलाल अजून चिखलात. टॅक्सीवाल्याने त्याला अंबरनाथलाच उतरवून दिलं होतं. तिथून दोन बॅगा घेऊन, चार रिक्षावाल्यांना पत्ता दाखवत दाखवत तो पोचला. एका बॅगेचं चाक वाटेत कुठेतरी राहिलं होतं. उंच, बारीक, वयाच्या मानाने फारच अदबशीर. आईला बघितल्याबरोबर तो किंचित वाकून "शिकामू" म्हणाला. मी इंग्रजीत विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात आणि त्यांनी "मराहाबा" म्हणायचं असतं. ते म्हणेपर्यंत आम्ही पुढे सरकत नाही. आईने तीनदा घोकून तो शब्द पाठ केला आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्याची वाटच बघायला लागली, कधी हा खाली येतो आणि कधी मी मराहाबा म्हणते.

पहिल्या आठवड्यात त्याचं सगळं आम्हीच लावून दिलं. बादलीने अंघोळ त्याला नवी नव्हती, पण गीझर आणि नळ यांचं आमच्याकडचं वैर त्याला समजावून द्यावं लागलं. चहाला ते लोकही चायच म्हणतात आणि चपातीला चपाती, यावर आई इतकी खूश झाली की शेजारी जाऊन सांगून आली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा त्याला घरची आठवण म्हणून हवा होता. आईने तांदळाच्या उकडीला सरावलेल्या हाताने तो केला. त्याने पहिला घास घेतला आणि मान खाली घालून बसला. आई म्हणाली, "बिघडलं वाटतं." बिघडलं नव्हतं.

रविवारी मी त्याला उल्हासनगरला घेऊन गेले, कॅम्प दोनच्या बाजारात. गादी, उशी, चादर आणि एक छोटा कुकर घ्यायचा होता. लोक वळून वळून बघत होते. दोन पोरांनी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला तेव्हा मी अशी काही ओरडले की पुढच्या चार दुकानांतली माणसं बाहेर आली. तो मात्र म्हणाला, "सिस्टर, मी पण इथे सगळ्यांकडे बघतोय. ते बघतात तर बघू देत." गादीवाला सिंधी म्हातारा होता. "किधर से, साईं? टांझानिया? अरे, मेरा चाचा नैरोबी में था ना! बैठो, बैठो." मग माझ्याकडे वळून, "ताई, गादी एक नंबर आहे, दहा साल बघायला नको," असं म्हणत त्याने उशीचा एक अभ्रा वर टाकला आणि नैरोबीच्या चाचाच्या गोष्टीत पाऊण तास घालवला. परतताना तो मुलगा गादीची गुंडाळी मांडीवर घेऊन रिक्षात बसला होता. म्हणाला, "आज पहिल्यांदा कुणीतरी आमच्याकडचा मुलूख ओळखला."

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या आठवड्यात त्याच्या हातून चहाच्या कपाचा कान तुटला. घरात असे सात-आठ कप, एक गेला तर आईला वर्षभर कळलं नसतं. तो कप एका हातात आणि कान दुसऱ्या हातात घेऊन दारात उभा राहिला आणि आई पूजा आटपून उठेपर्यंत तसाच उभा होता. मी हसले. म्हटलं, फेकून द्यायचा की. तो म्हणाला, "माझ्या हातून तुटला ना." एवढा नाकासमोर चालणारा मुलगा मी आमच्या नात्यात तरी पाहिलेला नाही.

आता कागदाचं, म्हणजे खोलीच्या भाडेकराराचं. तो आला त्याच दिवशी पितृपंधरवडा लागला होता. आमच्याकडे या दिवसांत नवं काही करत नाहीत. नवा कपडा नाही, गाडी नाही आणि नवा करार तर नाहीच. त्याच्या गादीला आईची हरकत नव्हती. "त्याच्या पितरांना आपलं पंचांग लागू नाही," असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. पण घर तिच्या नावावर, सही तिची. आणि खोली वडिलांची. ती म्हणाली, "राहू दे, जेवू दे, मी कुठे नको म्हणते? फक्त कागद घटस्थापनेला करू." मलाही ते बरंच वाटलं. सहामाहीअखेर होती, कंपनीत माझ्या टेबलावर श्वास घ्यायला जागा नव्हती.

सहाव्या दिवशी त्याने मला कॉलेजने दिलेला एक छापील कागद आणून दिला. "सिस्टर, सवड झाली की वाचाल का?" दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी तो वाचला. परदेशी विद्यार्थ्याने देशात आल्यापासून चौदा दिवसांत पोलिसांकडे नोंदणी करायची. त्याला भाडेकरार लागतो. आणि खालच्या ओळीत, परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाने चोवीस तासांत तसं कळवायचं.

चोवीस तास. आज सातवा दिवस होता. भाजी तशीच ठेवून मी डबा बंद केला. आईच्या नावावर नोटीस येणार, पोलीस दारात येणार, गल्ली बघणार. पाच मिनिटं मी घाबरले आणि सहाव्या मिनिटाला माझं बावीस वर्षांचं डोकं चालायला लागलं. आमच्याकडे महिनाअखेरीला माल तीस तारखेला भरून तयार असतो आणि चलन एक तारखेचं निघतं. ट्रक कंपाउंडात उभा दिसत असतो, पण कागदावर तो अजून जन्मायचा असतो. कुणी त्याला खोटं म्हणत नाही. कागदावरची तारीख तीच खरी तारीख, हा आमच्या खात्याचा धर्म. मग इथेही तेच. करार घटस्थापनेचा झाला तर मुलगा आमच्याकडे घटस्थापनेलाच राहायला आला. चोवीस तास तिथून मोजायचे. त्याला नोंदणीला दोन-तीन दिवस उशीर होईल, पण विद्यार्थी आहे, नवा आहे, समजून घेतील. आणि हे सगळं आईच्या पितरांच्या नावावर खपत होतं. मला काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

तो एक दिवसाआड विचारायचा. फार हळू, मान तिरकी करून. आई विचारायची, "काय म्हणतोय?" दुभाषी मी. मी सांगायचे, "कागद कधी करायचा विचारतोय." चौदा दिवसांचं मी आईला एकदाही सांगितलं नाही. तिने त्याच्या खोलीत टांगायला एक मराठी कॅलेंडर दिलं होतं. त्यावर तो रोज एक चौकोन खोडायचा. आईने ते झाडताना पाहिलं आणि मला विचारलं. मी म्हटलं, "घरची आठवण येत असेल. दिवस मोजतोय."

दशमीला वडिलांचं श्राद्ध. मुलाला येऊन तो अकरावा दिवस होता. आईने खीर, वडे, कढी, भाज्या असं सगळं एकटीने केलं. मागच्या अंगणात पान ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. आईचा चेहरा इतका मोकळा झालेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता. त्या दिवशी अतिथी म्हणून तिने त्या मुलालाच पाटावर बसवलं. जेवताना तो वडिलांविषयी विचारत होता आणि आई मराठीतून सांगत होती. मी मध्ये मध्ये इंग्रजी करत होते, पण तशी फार गरज नव्हती. त्याचे वडीलही गेले होते, तो लहान असतानाच. शिकायला जा, असं मरताना ते त्याच्या आईला सांगून गेले होते. हे मी आईला सांगितलं आणि ती त्याच्या पानात न विचारता आणखी खीर वाढत राहिली.

तो वर गेल्यावर आई ओटा पुसता पुसता म्हणाली, "मी म्हणते, त्याला घाई आहे का गं त्या कागदाची? खोली ह्यांची. आज दिवसही ह्यांचाच. ह्यांना सांगूनच सही करते मी. हे काही नाही म्हणायचे नाहीत. बोलाव त्या एजंटला."

करार नोंदवणारा एजंट घरीच येतो, अंगठ्याचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन. पंधरा मिनिटांचं काम. अजून तीन दिवस हातात होते. कळवायला उशीर झाल्याचं मला चार ओळींत लिहून द्यावं लागलं असतं आणि कुणीतरी माझ्यावर आवाज चढवला असता. बस, एवढंच झालं असतं.

आणि मी, जिने आयुष्यात कधी एक उपास धड केला नाही, आईला म्हणाले, "नको. पाळतेस तर नीट पाळ. दहा दिवस थांबलीस, आता सहा दिवसांसाठी कशाला मोडतेस?"

आईने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. तिला वाटलं, पोरीला वडिलांचं काहीतरी वाटतंय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून सहन होत नाही.

घटस्थापनेला आईने कराराला हळदकुंकू लावलं, अंगठे झाले, त्याच दिवशी मी घरमालकाने कळवायचा आमचा फॉर्म भरून टाकला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन मी त्याच्याबरोबर नोंदणीच्या कचेरीत गेले. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. साहेब वयस्कर होते, थकलेले, पण वाईट बोलणारे नव्हते. पासपोर्टवरचा शिक्का बघून ते म्हणाले, "चार दिवस उशीर आहे. कारण?" मग करार उलटून त्याला इंग्रजीत, "तू राहतोस कधीपासून यांच्याकडे?" तो तोंड उघडणार, आलो त्या दिवसापासून असं तो सांगणार, हे मला दिसलं. त्याच्या आधी मी मराठीत बोलले.

"कालपासून, साहेब."

साहेबांनी पुन्हा इंग्रजीत त्यालाच विचारलं, "या मॅडम म्हणतात तू कालपासून त्यांच्याकडे आहेस. मग आधीचे सोळा दिवस कुठे होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमधल्या झेरॉक्स नीट लावत होते. त्या आधीच नीट होत्या.

"मित्राकडे," तो म्हणाला.

"नाव? पत्ता?"

"मला पत्ता माहीत नाही, सर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मघाशी ते त्याच्याशी बोलत होते. आता ते त्याच्याकडे बघायला लागले. एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे लिहून द्या. सही, तारीख." त्याने सुवाच्य अक्षरात ते लिहिलं. मित्राकडे होतो, पत्ता आठवत नाही. खाली सही केली. माझं तोंडी होतं, त्याचं लेखी. बावीस वर्षांत या दोन गोष्टींतला फरक मी शेकडो ड्रायव्हरांना ओरडून सांगितला आहे.

रिक्षात बसल्यावर त्याने पासपोर्ट खिशात ठेवला. मग म्हणाला, "सिस्टर, मामाला त्रास झाला असता ना? म्हणून मी तसं म्हटलं." आईला तो मामाच म्हणायचा, त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. मी "छोटी गोष्ट आहे, इथे चालतं असं," असं म्हणाले. आमच्या देशात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. खोटं कसं बोलावं ते त्याला मी शिकवलं आणि शिकवून झाल्यावर त्याची समजूतही घातली.

नोंदणी अडकली. आधीच्या मुक्कामाचा पुरावा द्या, असं पत्र कॉलेजला गेलं. कॉलेज घाबरलं आणि त्यांनी त्याला विठ्ठलवाडीला त्यांच्या ओळखीच्या फ्लॅटमध्ये इतर चार मुलांबरोबर हलवलं. ललितापंचमीला तो गेला. आईला वाटलं, कॉलेज जवळ पडेल म्हणून जातोय. तिने चिवडा आणि लाडू दिले, गादी गुंडाळायला सुतळी दिली आणि मग संध्याकाळभर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

दसऱ्यानंतर, मी कंपनीत असताना, कॉलेजचा एक माणूस चौकशीला घरी आला. हा मुलगा तुमच्याकडे कधीपासून होता? आईने सरळ सांगितलं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून. एक रात्र बाहेर राहिला नाही. माझ्या हातचं जेवलाय. त्या माणसाने पिशवीतून मुलाच्या लेखी जबाबाची प्रत काढून तिला वाचून दाखवली आणि म्हणाला, "मग आजी, याने पोलिसांना खोटं लिहून दिलंय." तसं त्याने टिपून घेतलं आणि चहा न घेता गेला.

पुढचं मला त्या ओळखीच्या बाईंकडून कळत गेलं. खोटा जबाब देणाऱ्या मुलाच्या व्हिसाच्या मुदतवाढीची शिफारस करायला कॉलेज तयार नव्हतं. तो काय म्हणतो, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "काहीच नाही. चूक झाली म्हणतो." तेव्हाही वेळ होती. तो आमच्याकडेच होता, कळवायचं मी टाळलं, त्याच्या आधी खोटं मी बोलले. चार ओळी. मी त्या कंपनीत बसून दोनदा टाइप केल्या. एकदा प्रिंटही काढली. सही केली नाही. डिसेंबरात सहामाही परीक्षा न देता तो परत गेला.

पण त्या संध्याकाळचं राहिलं, कॉलेजचा माणूस येऊन गेला त्या संध्याकाळचं. मी घरात पाऊल टाकलं तर आईने दिवाही लावला नव्हता. चप्पल काढायच्या आधीच तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सोळा दिवस जेवला गं. ह्यांच्या पाटावर बसवलं मी त्याला. आणि साहेबासमोर आपलं घर नाही म्हणाला? लाज वाटली का त्याला आपल्या घराची?"

मी पर्स खुंटीला लावत होते. आईला उत्तर हवं होतं. ती माझ्याकडे बघत होती, दुभाष्याकडे बघावं तशी, कारण त्या मुलाचं सगळं तिला माझ्याकडूनच कळायचं.

मी म्हणाले, "असतात गं आई काही माणसं तशी."

ती मग उठली आणि दिवा लावायला गेली. त्याचं नाव तिने त्यानंतर काढलेलं नाही, आणि मीही नाही.